चौथी मूठ

भागोजी आणि बुधाजी मोकल या भावांमधलं बोलणं श्रावणातल्या पुरात वाहून गेलं, ते नव्याची पुनव आली तरी परत आलं नव्हतं. दोघं एका पडवीत बसून एकाच चुलीवरचा भात जेवायचे, पण मीठ हवं असलं तरी एकमेकांकडे मागायचे नाहीत. भागोजी भिंतीकडे बघून म्हणायचा, "मीठ कमी हाय." दाराआडून सत्यवती ते ऐकायची. ती बुधाजीची बायको, म्हणजे भागोजीची धाकटी भावजय, आणि थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची या घरात रीत नव्हती. मग ती रंगूच्या, आपल्या लेकीच्या हातात मिठाची करवंटी देऊन पाठवायची. बुधाजीच्या मांडीजवळ दुसरी करवंटी असायचीच. ती इंचभर सरकवली असती तर काम झालं असतं, पण इंचभर सरकायची दोघांचीही तयारी नव्हती.

भांडण पुलावरून झालं होतं. काळंबी नदीवरचा तीन कमानींचा दगडी पूल शंभर वर्षं निवांत उभा होता. अलीकडच्या पाचसहा पावसाळ्यांत मात्र नदी त्याच्या अंगावर यायला लागली होती. यंदा श्रावणात पाणी पुलावरून गेलं, एका बाजूचा कठडा घेऊन गेलं, मधल्या एका खांबाचे दगड खिळखिळे करून गेलं. मागोमाग अलिबागहून बोर्डाचा हुकूम आला की पूल धोक्याचा झाला आहे, दिवाळीनंतर तो उतरवावा, दगड रस्त्याला वापरावेत आणि नदीवर होडी ठेवावी.

बुधाजीच्या दोन बैलगाड्या होत्या. पलीकडच्या वावेपाड्याचे नारळ आणि सुपारी अलीकडे चिंचखारच्या बंदरावर आणायची, हाच त्याचा धंदा. "पूल गेल्यावर गाड्या काय डोक्यावर घेऊन पवू?" तो म्हणाला होता. "उरणला मिठागरांवर गाड्यांना काम हाय. मी पोरीला, बायकोला घेऊन तिकडंच जातो."

"मंग जा," भागोजी म्हणाला होता.

भागोजीची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुली आपापल्या घरी होत्या, आणि धाकट्या भावाला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. शब्द तोंडातून गेला तेव्हाच तो त्याला परत घ्यावासा वाटला. पण मोकलांच्या घरात शब्द सुटतो झटकन आणि मागे घेताना जीव जातो. बापाचंही तसंच होतं.

आता तेहतीस सालच्या आश्विनातली पुनव उजाडली होती आणि बुधाजीची पत्र्याची पेटी माजघरात भरून ठेवलेली होती.

सत्यवतीने पेटीकडे पाठ केली आणि विळा घेऊन ती नव्याच्या खाचराकडे निघाली. या पुनवेला पहिलं भात त्याच खाचरातलं कापायचं, त्याच्या लोंब्या आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला बांधायच्या आणि त्याच नव्या तांदळाचा भात शिजवायचा, हा मोकलांचा नेम. खाचर पुलाला अगदी चिकटून होतं. पूल नदी ओलांडून या काठावर आणखी वीसएक पावलं जमिनीवरून यायचा. त्याच्या त्या जमिनीवरच्या भिंतीलाच खाचराचा एक बांध टेकलेला. गावात कुणाचं भात इतक्या लवकर पिकत नसे, आणि भागोजी त्या खाचराबद्दल असं बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं थोरली मुलगी हीच.

ती वाकून लोंब्या कापत होती तेवढ्यात डोक्यावर, पुलावर, बोलणं ऐकू आलं. बोर्डाचा ओव्हरसीअर आला होता. त्याचा माणूस लाल रंगाचा डबा घेऊन एकेका दगडावर आकडे घालत होता. बरोबर वावेपाड्याचे करमअली होते, सुपारीचे व्यापारी. त्यांच्या पणज्याने, नुरुद्दीन नाखव्याने, हा पूल बांधून घेतला होता, आणि त्यामुळे पुलाला काही बोललं की ते करमअलींना लागायचं.

"शेठ, तुमच्या पणज्यांचं मन मोठं होतं," ओव्हरसीअर म्हणत होता. "पण गवंड्याचा हिशोब चुकला. एवढी नदी तीन कमानींतून जात नाही. पाण्याला वाट अपुरी पडली की ते पुलाला धक्का मारणारच."

"साहेब, माफ करा, पण तो गवंडी चुकनारा नव्हता," करमअली म्हणाले. "ऐंशी वर्सं... नव्वद वर्सं पूर आले न् गेले. तवा न्हाय चुकला हिशोब?"

"वरच्या डोंगरातली झाडं तेव्हा शाबूत होती. आता कोळशाच्या भट्ट्यांनी डोंगर बोडका केला. मोठा पूर येणार हे बांधणाऱ्याने धरायला नको होतं का?"

"त्यानं धरलंच असंल."

"मग पाण्याची वाट दाखवा मला. मी आनंदाने हे आकडे पुसतो. मलाही पूल पाडायची हौस नाही. उद्या दुपारपर्यंत मी इथे आहे."

करमअलींची छत्री दगडावर आपटत आपटत पलीकडे गेली.

सत्यवती उठून उभी राहिली आणि तिची नजर समोरच्या कठड्यावर गेली. तिथे दगडात कोरलेलं एक फूल होतं. तिच्या डोक्यावर बरोबर चार हातांवर. पुलाच्या कठड्यावर अशी चार फुलं होती. काठावरच्या दोन्ही गावांत रीत अशी की नवरी पूल ओलांडताना प्रत्येक फुलाशी वरात थांबते आणि नवरी मूठभर तांदूळ खाली टाकते. नदी लेकीसुनांना सांभाळते म्हणून. सत्यवती वावेपाड्याची. चौदा वर्षांपूर्वी ती याच पुलावरून या घरात आली तेव्हा तिने तीन मुठी पाण्यात टाकल्या होत्या. चौथ्या फुलाशी आली तर खाली पाणी नव्हतंच, हे खाचर होतं. "ही आपल्या शेताला," सासू कौतुकाने म्हणाली होती. म्हणून तर खाचर असं पिकतं, असं सगळं गाव मानायचं.

पण नदीसाठीचे तांदूळ शेताला कशाला? आणि शेतालाच द्यायचे तर एकट्या मोकलांच्या का? पलीकडे तिच्या बापाची शेतं होती. तिकडे कुणी नवरी शेतात मूठ टाकत नव्हती.

विळा कमरेला खोचून ती पुलावर चढली. ओव्हरसीअरचा माणूस बघत राहिला, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. पडायचा राहिलेल्या कठड्याच्या कडेने ती पावलं मोजत चालली. पलीकडल्या टोकाच्या फुलापासून दुसरं एकवीस पावलांवर. दुसऱ्यापासून तिसरं एकवीस. प्रत्येक फूल कमानीच्या बरोबर मधोमध. तिसऱ्यापासून चौथं, खाचरावरचं, तेही एकवीसच.

ती परत येताना खालच्या अंगाला बघत होती. तिथे पुलाच्या भिंतीपाशी केवड्याचं बन होतं, आणि बनातून एक सुका ओहळ निघून पुढे नदीला मिळत होता. म्हशी लोळायच्या त्यात. ओहळ कुठून येतो, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

*

सोनूबाई दर पुनवेसारखी माहेरी नवं खायला आली. भागोजीहून नऊ वर्षांनी मोठी, वावेपाड्यात दिलेली, आणि आता तिथे सगळ्यात म्हातारी. बुधाजीनेच तिला गाडीतून आणली. वाटेत पुलावर तिने लाल आकडे पाहिले आणि पदराने डोळे पुसले. नदीत होडी ठेवली तर तिच्यासारखीने चिखलातून उतरायचं कसं आणि चढायचं कसं? पुढल्या पुनवेला आपण इथे नसू, हे तिने मनाशी धरून टाकलं.

पडवीत येऊन बघते तर भाऊ दोन टोकांना बसलेले.

"काय रे, मधे कोन बसनार हाय?" ती म्हणाली. "सरकार?"

कुणी हसलं नाही. सत्यवतीने दाराआडून रंगूच्या हाती ताटं पाठवली. नव्या तांदळाच्या भाताचा वास घरभर झाला. पहिला घास घेऊन भागोजी भिंतीला म्हणाला, "यंदाचा तांदूळ चांगला हाय. शेताला दृष्ट लागंल."

"उरणला मीठच चांगलं मिळंल," बुधाजी दुसऱ्या भिंतीला म्हणाला.

तेवढ्यात करमअली आले आणि ओटीवर टेकले. सकाळपासून ते गावात ज्याला त्याला एकच गोष्ट सांगत होते, आणि इथेही तीच सांगितली. ओव्हरसीअर गवंड्याला चुकला म्हणतो. "भागोजीभाई, तुमी सांगा. आमच्या घरात त्या गवंड्याचा शब्द अजून बोलतात. पूल पुरा झाला तवा नाखव्यानं विचारलं, काय काय केलंस बाबा? तो म्हनाला, तीन दारं नदीला, एक पाहुन्याला. एवडा कलावंत मानूस. त्यानं पुलासोबत काठावर मुसाफिरांना उतरायला खोली पन बांधली असंल. ती कुटं गेली अल्ला जाने, पन बांधली असनार."

सत्यवतीच्या हातातली पळी थांबली.

"वन्सं," ती दाराआडून सोनूबाईला म्हणाली, "तुमच्या वरातीत खाचराकडल्या फुलाशी तुमी मूठ टाकली, ती कुटं पडली होती?"

सोनूबाईचा घास हातातच राहिला. "आता हे काय मधीच?"

"सांगा तरी."

"शेतात," सोनूबाई म्हणाली. "सगळ्यांची पडते तिथंच." पण हे ती ताटाकडे बघून म्हणाली, आणि आयुष्यभर माणसांच्या डोळ्यांत बघून बोललेली बाई ताटाकडे बघते तेव्हा ताटात काही नसतं.

सत्यवतीने पदर नीट केला आणि दाराआडून बाहेर आली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच ती भागोजीच्या समोर उभी राहिली. बुधाजी खुणेने आत जा म्हणत होता.

"भावोजी," ती म्हणाली, "फुलाफुलात एकवीस पावलं हायत. मी मोजली. फूल हाय तिथं खाली कमान हाय. तीन फुलांखाली तीन कमानी. चौथ्या फुलाखाली आपलं खाचर हाय."

"मंग?"

"मंग खाचराखाली कमान असंल. पाहुन्याचं दार. पूर तो पाहुना. रोज येत न्हाय, पन येतो तवा त्याला वाट लागते. ती वाट आपल्या शेतानं अडवली हाय."

भागोजीचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा. ओटीवर करमअली उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या तोंडून नुसतं "तीन दारं नदीला..." एवढंच बाहेर येत होतं.

"म्हंजे माज्या बापानं पूल पाडला," भागोजी शांतपणे म्हणाला. आता तो भिंतीला नव्हे, सत्यवतीला म्हणाला. "असंच म्हनतेस न्हवं?"

"दादा, तिला बोलू नको," बुधाजी म्हणाला. अडीच महिन्यांतला हा त्याचा भावाशी पहिला शब्द. "ती बोलली त्यात खोटं काय असंल तर बगू. खनून बगू."

"माज्या शेतात कुदळ लागनार न्हाय." भागोजी अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतले आणि चालू लागला. नवं अर्धं टाकून उठणं हा मोठा अपशकुन. पण त्याची आठवण करून द्यायला कुणी धजलं नाही.

*

भागोजी खाचराच्या बांधावर बसला होता. भात गुडघ्याच्या वर, पिवळं, लोंब्यांनी वाकलेलं. बाप मरताना त्याला एकच गोष्ट म्हणाला होता. "बांध सांभाळ." ना देवाचं बोलला, ना धाकट्याचं. भागोजीने ते वाक्य छत्तीस वर्षं अंगारा जपावा तसं जपलं होतं. दरवर्षी पावसाआधी तो या बांधावर स्वतः माती चढवायचा, पुलाच्या भिंतीशी तर जास्तच. आता त्या हातांकडे त्याला बघवत नव्हतं.

सोनूबाई काठी टेकत आली आणि शेजारी बसली.

"आक्का, खरं सांग."

"सांगतंय." तिने दम खाल्ला. "माजं लगीन झालं तवा तू तीन महिन्यांचा. इथं शेत नव्हतं. वाळूचा ओहळ होता आन् ही कमान उघडी होती. आमी पोरी तिच्याखाली चुली मांडून खेळायचो. उन्हाळ्यात भारी गार. वरातीत माजी पयली मूठ इथं पडली, वाळूत. चिमण्या आल्या लगेच. मला आटवतंय, मी रडता रडता हसले होते."

"मंग?"

"पुडच्या वर्सी माहेरपनाला आले तर बाबा दगडांचा गडगा रचत होता कमानीच्या तोंडाशी. आई माती वाहत होती. तुजी झोळी त्या करंजाला. मी म्हनलं, बाबा, हे काय? तर म्हनाला, वीस वर्सांत इथून थेंब गेला न्हाय. माज्या पोराला जमीन नको? या शेताचं नवं खाईल माजा पोरगा." सोनूबाईने भागोजीच्या पाठीवर हात ठेवला. "तुज्यासाटी केलं रे त्यानं. वाईट मनानं न्हाय केलं."

कुणाला वाटेल बापाची चूक कळल्यावर माणूस बापावर रागावतो. भागोजीला राग नव्हता. त्याला बापाची ती टोपली दिसत होती, मातीची, एकीमागून एक, आणि आपण झोळीत झोपलेले. एवढी माया आणि एवढं नुकसान एकाच टोपलीतून आलं होतं, आणि त्याला रडू येत होतं.

"तू इतकी वर्सं गप का?"

"माहेरच्या शेताला कोन नाव ठेवतं? आन् नदी गप होती, मंग मी कशाला बोलू? विसरलेच होते म्हन. पूर यायला लागले तवा मनात आलं. पन तुजं त्या शेतावरचं प्रेम बगते मी. जीभ उचलली न्हाय. तुजी भावजय माज्यापरीस धीट निगाली."

"लोक काय म्हनतील, आक्का? मोकलांनी पूल खाल्ला म्हनतील."

"चार दिवस म्हनतील. मंग दुसरं कायतरी मिळंल त्यांना. चिंचखारात काय कमी भानगडी हायत?"

भागोजीला हसू आलं नाही, पण श्वास आला. समोर पुलावरून सांजवेळची गुरं चालली होती, लाल आकड्यांवर शेण पाडत. त्यांच्या मागे बुधाजीच्या गाडीचे रिकामे बैल. बुधाजीने त्यांना पाण्यावर सोडलं आणि तो काठावर उभा राहून उगाच उरणच्या दिशेने बघत होता. उरण इथून दिसायचं कारणच नव्हतं.

बांध सांभाळायचा तर कुणासाठी, हे बाप बोलला नव्हता. भागोजीने मुलगा म्हणून जो वाढवला तो तिकडे उभा होता. बापाने पोरासाठी ओहळ बुजवला; मग पोरासाठी तो उघडला तर बाप वरून काय म्हणेल? भागोजीला वाटलं, म्हणेल, एवढा वेळ का लावलास गाढवा.

"आक्का, बुधाला सांग इळा घेऊन ये म्हनावं. कोपऱ्यातलं भात आजच कापाय पायजे."

"तूच सांग. माजा आवाज आता तिथवर जात न्हाय."

तिचा आवाज वावेपाड्यापर्यंत जायचा हे भागोजीला चांगलं ठाऊक होतं. त्याने तिच्याकडे बघितलं, तिने नदीकडे. शेवटी त्याने तोंडाशी हात धरले.

"बुधाऽऽ! इळा आन! दोन आन!"

काठावरचा माणूस दचकला, मग धावतच सुटला.

*

पुढे वर्षानुवर्षं बुधाजी सांगायचा की त्या संध्याकाळी भावाच्या बरोबरीने भात कापताना दोघं मिळून दहा शब्द बोलले नसतील, आणि तरी त्याला पोट भरल्यासारखं वाटलं. "हिकडची पेंढी घे." "बोट सांभाळ." एवढंच. पुलाच्या भिंतीलगतचा दहा हातांचा पट्टा मोकळा झाला आणि कापलेलं भात सत्यवतीने नि रंगूने खळ्यावर नेलं.

सकाळी खणायला अर्धं गाव आलं. करमअलींनी वावेपाड्यातून आठ माणसं आणली होती आणि ते स्वतः कोट काढून उभे होते. ओव्हरसीअर सायकल करंजाला टेकवून आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. भागोजीने नुसतं फुलाकडे बोट केलं आणि मग त्या बोटाने सरळ खाली रेघ ओढली.

पहिली कुदळ भागोजीनेच मारली. दुसऱ्याला त्याने हात लावू दिला नाही. माती काळी, मऊ, साठ पावसाळ्यांची. हातभर खाली कुदळ खणकन वाजली. बुधाजी गुडघ्यावर बसून हातांनी माती सारू लागला. आधी एक घडीव दगड निघाला, मग त्याला लागून दुसरा, मग तिसरा, तिरके, एकमेकांच्या अंगावर रेललेले, आणि मधोमध सगळी कमान धरून ठेवणारा कळीचा दगड. त्यावर चुन्याची पांढरी रेघ काल भरल्यासारखी.

"या अल्ला," करमअली म्हणाले आणि खाचरातच बसले.

दुपारपर्यंत कमानीच्या तोंडाचा वरचा भाग मोकळा झाला. तिथे भागोजीच्या बापाचा गडगा होता, एकावर एक नीट रचलेला. मोकलांच्या हाताचं काम ओळखू यायचं. भागोजीने वरचा दगड काढला, बाजूला ठेवला, दुसरा काढला. फेकला एकही नाही. चौथा दगड निघाला तसा आतून गार वारा तोंडावर आला. आत माती कमानीच्या पोटाला लागलेली नव्हती. खालच्या अंगाच्या केवड्याच्या बनातून हिरवा उजेड आत झिरपत होता.

ओव्हरसीअरने टोपी काढून डोकं आत घातलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत जळमटं होती. "पाण्याच्या कमानींपेक्षा ही हातभर रुंद आहे," तो म्हणाला. मग करमअलींकडे वळून, जरा ओशाळून, "शेठ, हिशोब चुकला नव्हता. माझा चुकला."

"साहेब, तुमी वाट दाखवा म्हनालात म्हनून तर दिसली," करमअली म्हणाले. त्यांना एवढा आनंद झाला होता की भांडण जिंकल्याचंही लक्षात राहिलं नाही.

"मी बोर्डाला लिहितो. वैशाखाच्या आत वाट मोकळी झाली तर पूल उतरवू नये, मधला खांब तेवढा सांधून घ्यावा. माझ्या शब्दाला तिथे थोडी किंमत आहे." त्याने खाचराकडे पाहिलं, उभ्या पिवळ्या भाताकडे, आणि त्याचा आवाज खाली आला. "पण नुसती कमान मोकळी करून भागणार नाही. इथून नदीपर्यंत ओहळ पुन्हा खणावा लागेल. हे शेत राहणार नाही."

सगळे भागोजीकडे बघायला लागले. बुधाजीही.

"ठाऊक हाय," भागोजी म्हणाला. "भात तेवडं कापून घेतो. त्याचं काय, ते पिकलंय." आणि त्याने पाचवा दगड उचलला.

ओव्हरसीअरच्या माणसाने विचारलं, लाल आकड्यांचं काय करू? ओव्हरसीअर म्हणाला, राहू दे, पावसाळा पुसेल.

सोनूबाई पुलावर येऊन चौथ्या फुलाशी उभी होती. तिने सत्यवतीला वर बोलावलं आणि तिच्या ओंजळीत नवे तांदूळ दिले, याच खाचरातले.

"तुजी चौथी मूठ चुकीच्या जागी पडली होती," ती म्हणाली. "आता टाक."

"खाली पानी कुटं हाय, वन्सं?"

"माज्या वेळी तरी कुटं होतं?"

सत्यवतीने मूठ उघडली. तांदूळ उकरलेल्या मातीवर, सासऱ्याच्या गडग्याच्या दगडांवर, आणि खाली वाकलेल्या भागोजीच्या पाठीवर पडले. तो वर बघायच्या आत चिमण्या आल्या. सोनूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि मग तिला ते आवरेना.

त्या दिवशी जेवायला उशीर झाला. काल नवं अर्धं टाकलं गेलं, म्हणून आज ते पुन्हा नव्याने शिजवलं होतं. मोठा टोप लागला म्हणून सत्यवतीला पत्र्याची पेटी उघडावी लागली. तो तळाशी होता, तेव्हा वरचं सगळं बाहेर आलं आणि बाहेरच राहिलं. भाऊ पडवीत बसले, मातीने माखलेले, या खेपेला शेजारी शेजारी, कारण एका टोकाच्या जागेवर सोनूबाईने मुद्दाम पेंढ्या टाकून ठेवल्या होत्या.

"पुडच्या पुनवेला नवं कुटून आनायचं?" बुधाजीने विचारलं.

"वरच्या खाचरातून. आठ दिवस उशिरा पिकंल. थांबू आठ दिवस." भागोजीने भात कालवला, घास तोंडापाशी नेला आणि थांबला. सत्यवती सवयीने रंगूच्या हातात करवंटी द्यायला निघाली.

"बुधा," भागोजी म्हणाला, "मीठ दे."

बुधाजीने त्याच्या ताटात बघितलं. "दादा, तुज्या पानात वाढलेलं हाय की."

"हाय. दिसतंय मला," भागोजी म्हणाला. "तू दे."